लेव्ही, बाँड आणि नवी शाळा: सिएटलच्या ईस्टसाइडला नव्याने आलेल्यांसाठी

वॉशिंग्टन राज्यात मुलाला सरकारी शाळेत घातलं किंवा घर घेतलं, की वर्षाच्या आतच 'लेव्ही' आणि 'बाँड' हे दोन शब्द कानावर पडू लागतात. दोन्ही म्हणजे शाळांसाठी लोकांच्या मतावर उभे केले जाणारे पैसे: लेव्ही हा कर, बाँड हे कर्ज. रस्त्याकडेला पाट्या लागतात, शेजारी दारावर येऊन काहीतरी कागद देऊन जातो, महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. आपल्याकडे घरपट्टीच्या बिलात शिक्षण उपकर असतो. महाराष्ट्रात तो १९६२ च्या कायद्यापासून आहे, पण त्यावर आजवर कोणी आपलं मत विचारलेलं नाही. इथे मात्र शाळेची नर्स ठेवायची का, नवं हायस्कूल बांधायचं का, हे गावातले लोक मतदान करून ठरवतात. पहिल्या खेपेला हे सगळं डोक्यावरून जातं.

रेडमंड, कर्कलंड, समॅमिश, इसाक्वा, बॉथेल, बेलव्ह्यू या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. नियम वॉशिंग्टन राज्याचे आहेत. ओहायो, कॅलिफोर्निया किंवा टेक्ससमधल्या बहिणीने सांगितलेलं इथे लागू पडेलच असं नाही, प्रत्येक राज्याचं गणित वेगळं असतं.

## हाताशी काय ठेवायचं

- प्रॉपर्टी टॅक्सचं स्टेटमेंट (काउंटीच्या वेबसाइटवर पार्सल नंबर, म्हणजे घराच्या जागेचा सरकारी क्रमांक, टाकला की मिळतं)
- घर कर्जावर असेल तर एस्क्रोचं, म्हणजे बँक ज्या खात्यातून तुमचा कर परस्पर भरते त्याचं, वार्षिक विवरण
- निवडणुकीच्या आधी पोस्टाने येणारं व्होटर्स पॅम्फ्लेट (मतदारांसाठीची माहितीपुस्तिका)
- स्कूल डिस्ट्रिक्टचा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) 'कॅपिटल फॅसिलिटीज प्लॅन', म्हणजे पुढच्या सहा वर्षांत किती मुलं येतील आणि किती वर्ग लागतील याचा अंदाज
- डिस्ट्रिक्टचं बजेट. राज्याच्या शिक्षण खात्याच्या नमुन्यात असतं, त्याला 'एफ-१९५' म्हणतात
- कॅल्क्युलेटर. थट्टा नाही, खरंच लागतो

## १. आधी आपला डिस्ट्रिक्ट कोणता ते पक्कं करा

शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांच्या हद्दी इथे जुळत नाहीत. पत्त्यात समॅमिश आहे म्हणून काहीच ठरत नाही. समॅमिशचा मोठा भाग लेक वॉशिंग्टन डिस्ट्रिक्टमध्ये येतो, मोठा भाग इसाक्वामध्ये, आणि एक लहानसा तुकडा स्नोक्वाल्मी व्हॅलीमध्ये. बॉथेलचा नॉर्थशोअर डिस्ट्रिक्ट किंग आणि स्नोहोमिश अशा दोन काउंट्यांत पसरला आहे. समोरासमोरच्या दोन घरांना वेगवेगळे डिस्ट्रिक्ट, वेगवेगळे कर आणि वेगवेगळी बॅलट (मतपत्रिका) असू शकतात. मैत्रिणीकडे आलेला कागद पाहून 'आपल्याकडेही हेच आहे' असं धरून चालू नका.

घर शोधताना रिअल इस्टेटच्या वेबसाइटवर दिसणारी शाळा हा अंदाज समजा. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या साइटवर पत्ता टाकून शाळा शोधायची सोय असते, तेवढंच खरं माना. आणि तेही आजच्यापुरतं. त्याबद्दल शेवटी सांगते.

## २. लेव्ही आणि बाँड यांतला फरक

डिस्ट्रिक्टवाले एक घोषवाक्य नेहमी ऐकवतात: बाँड बांधण्यासाठी, लेव्ही शिकवण्यासाठी. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण अर्धंच खरं आहे.

शैक्षणिक कार्यक्रम आणि चालू खर्चाची लेव्ही. बॅलटवर हिचं लांबलचक नाव असतं, लोक 'ऑपरेशन्स लेव्ही' म्हणतात. राज्याच्या पैशांत जे भागत नाही ते यातून होतं: जास्तीच्या नर्स आणि समुपदेशक, वर्गातले मदतनीस, खेळ, संगीत, स्पेशल एज्युकेशनमधली तूट. जास्तीत जास्त चार वर्षांसाठी घेता येते. मुदत संपली की पुन्हा मत मागावं लागतं, म्हणून दर तीन-चार वर्षांनी तोच विषय परत येतो. मंजुरीला निम्म्याहून एक मत जास्त पुरतं. पूर्वी इथेही ६० टक्के लागायचे, २००७ साली मतदारांनी राज्यघटना बदलून ही अट काढली.

कॅपिटल लेव्ही. कॉम्प्युटर, छपरं, दुरुस्ती आणि हो, बांधकामसुद्धा. जास्तीत जास्त सहा वर्षं. हिलाही साधं बहुमत पुरतं.

ट्रान्सपोर्टेशन लेव्ही. शाळेच्या बस घेण्यासाठी, फार तर दोन वर्षांची. ईस्टसाइडला क्वचितच दिसते.

बाँड. हे सरळसरळ कर्ज. डिस्ट्रिक्ट रोखे विकून एकदम मोठी रक्कम उभी करतो, शाळा बांधतो आणि वीसेक वर्षं प्रॉपर्टी टॅक्समधून व्याजासकट फेडतो. हा पैसा शिक्षकांच्या पगाराला लावता येत नाही. मंजुरीला ६० टक्के मतं लागतात. शिवाय आदल्या सार्वत्रिक निवडणुकीत जितक्यांनी मतदान केलं, त्याच्या निदान ४० टक्के लोकांनी तरी मत द्यायला हवं. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतरच्या फेब्रुवारीत बाँड आणला तर हा उंबरठा आणखी वर जातो. होकार ६० टक्क्यांच्या वर असूनही लोक घरी बसल्यामुळे बाँड पडू शकतो. 'मला काय करायचंय, मी मतच देत नाही' असं म्हणणारा प्रत्यक्षात कोणाच्या पारड्यात वजन टाकतो, ते यावरून कळेल.

या ६० टक्क्यांनी काय घडतं, हे पाहायला लेक वॉशिंग्टनचा इतिहास पुरेसा आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी ७५.५ कोटी डॉलरचा बाँड मागितला. निम्म्याहून बरेच जास्त लोक 'हो' म्हणाले, तरी पडला. एप्रिलमध्ये रक्कम ४०.४ कोटींवर आणली, पुन्हा पडला. २०१६ साली ३९.८ कोटींचा मंजूर झाला, आणि त्यातून क्लारा बार्टन, एला बेकर या एलिमेंटरी शाळा आणि टिंबरलाइन मिडल स्कूल उभं राहिलं. २०१८ चा २९.९ कोटींचा बाँड मात्र परत ६० च्या खाली अडकला. मग डिस्ट्रिक्टने वाट बदलली: २०१९ मध्ये १२ कोटींची आणि २०२२ मध्ये २९.५ कोटींची कॅपिटल लेव्ही आणली. दोन्ही पास झाल्या, कारण तिथे निम्म्याच्या वर एक मत पुरतं.

यावर खूप वाद आहे. काहींना ही पळवाट वाटते: साठ टक्के मिळत नाहीत म्हणून मागच्या दाराने आलात. काही म्हणतात, व्याज वाचतं, यात वाईट काय? माझ्या मते दुसरी बाजू बरीचशी खरी आहे, पण एक गोष्ट सोयीस्करपणे झाकली जाते. वीस वर्षांचा भार सहा वर्षांत द्यायचा तर दरवर्षीचा आकडा फुगतो, आणि ज्या शाळेत पुढची चाळीस वर्षं मुलं शिकणार तिचा सगळा खर्च या सहा वर्षांत इथे राहणाऱ्यांवर पडतो. दोन वर्षांसाठी घर घेतलेल्यांना ते खुपणं साहजिक आहे.

## ३. आपल्या खिशातून किती जातं ते काढा

वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे प्रॉपर्टी टॅक्सवर सगळ्यांचं बारीक लक्ष. टॅक्स दोन हप्त्यांत भरायचा, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर. कर्ज असेल तर बँक एस्क्रोमधून परस्पर भरते, म्हणून पुष्कळांनी ते बिल कधी उघडूनही पाहिलेलं नसतं. घराचा हप्ता अचानक वाढतो तेव्हाच शोधाशोध होते.

स्टेटमेंटमध्ये राज्याचा शाळा-कर वेगळा असतो आणि स्थानिक डिस्ट्रिक्टचा वेगळा. राज्याचा भाग तुमच्या मतावर अवलंबून नाही. स्थानिक भाग म्हणजे चालू लेव्ही आणि जुन्या बाँडचे हप्ते. दर 'हजार डॉलर मूल्यामागे इतके' असा लिहिलेला असतो. काउंटीने तुमच्या घराचं मूल्य १० लाख डॉलर धरलं असेल आणि दर एक डॉलर असेल, तर वर्षाला हजार डॉलर.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. घराची किंमत दुप्पट झाली म्हणून डिस्ट्रिक्टला दुप्पट पैसे मिळत नाहीत. लेव्हीत मतदार एकूण *रक्कम* मंजूर करतात, दर हा फक्त अंदाज असतो. मंजूर रकमेच्या वर डिस्ट्रिक्टला एक डॉलरही वसूल करता येत नाही. सगळ्यांच्या घरांची किंमत सारखी वाढली तर दर उतरतो आणि तुमचं बिल जवळपास तेवढंच राहतं. तुमचंच घर इतरांपेक्षा जास्त वाढलं तर मात्र तुमचा वाटा वाढतो. 'दर कमी झाला म्हणजे कर कमी झाला' ही प्रचारातली ओळ आणि 'घरं महागली, डिस्ट्रिक्ट मालामाल' ही व्हॉट्सॲपवरची ओळ, दोन्ही सारख्याच फसव्या.

किंग काउंटीत असाल तर असेसरच्या (घरांचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) साइटवर करांची पारदर्शकता दाखवणारं एक टूल आहे. पार्सल नंबर टाकला की तुमचा कर कुठे कुठे जातो ते दिसतं, आणि येऊ घातलेल्या प्रस्तावाने किती फरक पडेल त्याचा अंदाजही. वादात पडण्याआधी हा आकडा काढून ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

भाड्याने राहत असाल तर बिल तुम्हाला येत नाही, भाड्यातून जातं. आईवडील इथे कायमचे असून घर त्यांच्या नावावर असेल, वय ६१ किंवा जास्त असेल आणि उत्पन्न काउंटीच्या मर्यादेत असेल, तर ज्येष्ठांच्या सवलतीत मतदारांनी मंजूर केलेल्या अशा लेव्ही माफ होतात. अर्ज करावा लागतो, आपोआप मिळत नाही.

## ४. बॅलटवरचा परिच्छेद कसा वाचायचा

बॅलटवर प्रस्ताव एका परिच्छेदात कोंबलेला असतो. लेव्ही असेल तर खाली छोटा तक्ता. समजा असा:

| वसुलीचं वर्ष | हजारामागे अंदाजे दर | लेव्हीची रक्कम |
|---|---|---|
| पहिलं | १.०० डॉलर | ८ कोटी |
| दुसरं | ०.९९ डॉलर | ८.३ कोटी |
| तिसरं | ०.९८ डॉलर | ८.६ कोटी |

(आकडे नमुन्याचे आहेत.) बहुतेकांची नजर मधल्या रकान्यावर जाते आणि 'अरे, दर तर उतरतोय' म्हणून समाधान होतं. तुम्ही उजवीकडचा रकाना वाचा. मत त्याच्यावर आहे. तिथे रक्कम वर्षाला किती टक्क्यांनी चढते ते काढा आणि मुलांची संख्या तशी चढते आहे का ते विचारा.

मग परिच्छेदातले शब्द. 'मुदत संपणाऱ्या लेव्हीच्या जागी' असं लिहिलं असेल तर जुनी बंद होऊन ही सुरू होणार, दोन्ही एकदम भरायच्या नाहीत. मात्र 'जागी' म्हणजे 'तेवढीच' असं नाही. नवी रक्कम जुनीपेक्षा मोठी असू शकते आणि सहसा असते. असा उल्लेखच नसेल तर तो नवा कर. बाँड असेल तर कोणत्या शाळा, किती वर्षांची फेड, हे शोधा. बाँडच्या मजकुरात शाळांची नावं स्पष्ट असतील तर चांगली खूण. 'आणि इतर सुधारणा' असं बरंच सैल असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

पॅम्फ्लेटमध्ये बाजूने आणि विरोधात अशी दोन निवेदनं छापतात. ती गावातल्याच समित्या लिहितात आणि मजकूर त्यांचा असतो, सरकारने तपासून दिलेला नसतो. दोन्ही वाचा, आणि आकडा दिसला की बजेटमध्ये जाऊन पडताळा.

## ५. वादात हमखास ऐकू येणारी वाक्यं

'मॅकक्लिअरी खटल्यानंतर राज्यच सगळे पैसे देतं ना?' राज्य मूलभूत शिक्षणाला पुरेसा पैसा देत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. कायदेमंडळ हलेना, तेव्हा ऑगस्ट २०१५ पासून दिवसाला एक लाख डॉलर दंड लावला. २०१७ मध्ये राज्याने स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स वाढवला, स्थानिक लेव्हीवर मर्यादा घातली, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने खटला संपवला. लोकांना वाटलं, लेव्ही आता संपली. पण 'मूलभूत शिक्षण' या व्याख्येत जे बसत नाही ते गावावरच राहिलं. पुढे २०१९ आणि २०२५ मध्ये ती मर्यादा परत सैल करण्यात आली. 'आम्हाला फसवलं' असं म्हणणाऱ्या जुन्या रहिवाशांचा राग यातून येतो आणि तो अगदीच निराधार नाही.

'बिल्डरांकडून घ्या की!' घेतात. नव्या घरामागे शाळांसाठी इम्पॅक्ट फी, म्हणजे बिल्डरने भरायचं शुल्क, असते आणि शहर ती वसूल करून डिस्ट्रिक्टला देतं. पण ती वाढीपुरतीच वापरता येते. साठ वर्षं जुन्या शाळेची गळकी छपरं तिच्यातून होत नाहीत. अख्खी शाळा तेवढ्यात उभी राहत नाही. राज्याचं बांधकाम अनुदानही आहे, पण त्याच्या सूत्रात बसणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी पडते आणि आधी गावाने आपला वाटा दाखवावा लागतो.

'पैसे आहेत, पण चुकीच्या ठिकाणी घालवतात.' हे म्हणायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. डिस्ट्रिक्टचे पाच वेगळे फंड असतात: चालू खर्च, बांधकाम, कर्जफेड, बस आणि विद्यार्थी उपक्रम. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखे, साखरेच्या डब्यात हात घालून पीठ निघत नाही. एकीकडे शिक्षक कमी होताहेत आणि दुसरीकडे चकचकीत इमारत उभी राहते आहे, हे दृश्य चीड आणणारं असतं, पण त्या इमारतीचा पैसा पगाराकडे वळवणं कायद्यात बसत नाही. मतदानात बांधकामाला 'नाही' म्हणालात तर त्या मतातून शिक्षक वाचणार नाहीत.

'मुलं कमी होताहेत, नव्या शाळा कशाला?' हा मात्र गंभीर मुद्दा आहे आणि याला उडवून लावणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. बेलव्ह्यूने २०१८ साली नव्याने उघडलेली विल्बर्टन एलिमेंटरी २०२३ मध्ये बंद केली, ईस्टगेटही त्याच वेळी. सिएटलने २०२४ मध्ये २१ पर्यंत शाळा बंद करायचा विचार मांडला, तो चारवर आला आणि शेवटी पालकांच्या रेट्याने मागे घेतला. घरं इतकी महाग झाली की लहान मुलांची कुटुंबं दूर जाऊ लागली, जन्मदर उतरला, महामारीनंतर काही मुलं परत आलीच नाहीत. पण डिस्ट्रिक्टची सरासरी पाहून प्रत्येक शाळेबद्दल बोलता येत नाही. एका टोकाला वर्ग रिकामे आणि दुसऱ्या टोकाला नव्या टाऊनहोममुळे मैदानावर पोर्टेबलच्या (तात्पुरत्या, हलवता येणाऱ्या वर्गखोल्यांच्या) रांगा, असं एकाच डिस्ट्रिक्टमध्ये दिसतं. म्हणून कॅपिटल फॅसिलिटीज प्लॅन उघडा आणि *तुमच्या बाजूची* शाळा पाहा: क्षमता किती, आज मुलं किती, पोर्टेबल किती. आणि पाच वर्षांपूर्वीचा प्लॅन काढून तेव्हाचा अंदाज कितपत खरा ठरला तेही तपासा. डिस्ट्रिक्टच्या अंदाजावर किती भिस्त ठेवायची ते त्यातून कळतं.

'माझी मुलं मोठी झाली' किंवा 'मुलंच नाहीत, मी का भरू?' याला घरांच्या किमतीचं उत्तर ठरलेलं असतं: शाळा चांगल्या तर घर चढ्या भावाने विकतं. मला हे उत्तर आवडत नाही. ज्या म्हातारीला घर विकायचंच नाही तिला चढा भाव म्हणजे फक्त जास्त कर. तिच्याशी बोलायचं तर ज्येष्ठांच्या सवलतीचा फॉर्म घेऊन बोला. भांडणापेक्षा तिला त्याचा उपयोग होतो.

'पडली तर काय आभाळ कोसळणार आहे?' बाँड पडला तर बहुधा पोर्टेबल वाढतात आणि शाळा आणखी काही वर्षं गळत राहते. ऑपरेशन्स लेव्हीचं तसं नाही. स्नोहोमिश काउंटीतल्या मेरीसव्हिलमध्ये २०२२ साली ती फेब्रुवारीत पडली, एप्रिलमध्ये परत मांडली, परत पडली. कॅलेंडर वर्षात दोनदाच मांडता येते, त्यामुळे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागलं. २०२३ मध्ये मंजूर झाली, पण तोवर बसलेल्या आर्थिक फटक्यातून तो डिस्ट्रिक्ट लवकर सावरला नाही. म्हणून मी चालू खर्चाच्या लेव्हीला सहसा 'हो' म्हणते आणि बाँडची मात्र कसून उलटतपासणी करते.

## ६. बोर्ड मीटिंगला जा, पाट्या लागायच्या आधी

फेब्रुवारीच्या मतदानासाठी डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या स्कूल बोर्डाला ठराव डिसेंबरच्या मध्याआधी काउंटीकडे द्यावा लागतो. म्हणजे रक्कम, शाळांची यादी, बाँड की लेव्ही, हे सगळं शरद ऋतूतच ठरून जातं. जानेवारीत पाट्या लागतात तेव्हा तुमच्या हातात फक्त हो आणि नाही उरतं. ज्याला काही बदलायचं आहे त्याने दसरा-दिवाळीच्या सुमारास जावं.

बोर्डावर बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये पाच निवडून आलेले सदस्य असतात. मीटिंग साधारण महिन्यातून दोनदा, संध्याकाळी. सार्वजनिक टिप्पणीसाठी आधी नाव नोंदवावं लागतं, बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि समोरून उत्तर येत नाही. आपल्याकडच्या पालकसभेसारखं उठून 'साहेब, याचं उत्तर द्या' म्हणायची पद्धत नाही. सदस्य शांतपणे ऐकून 'धन्यवाद' म्हणतात. पहिल्यांदा हे अपमानास्पद वाटतं, पण तुमचं म्हणणं नोंदीत जातं. उत्तर हवं असेल तर तोच प्रश्न मीटिंगच्या आधी ईमेलने पाठवा.

विचारण्याजोगे प्रश्न:

- दर विद्यार्थ्यामागे या नव्या इमारतीचा खर्च किती, आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टने अलीकडे बांधलेल्या शाळेचा किती?
- नवी शाळा न बांधता हद्दी बदलून भागेल का? तो पर्याय तपासला असेल तर कागद कुठे आहे?
- शाळा उघडल्यावर ती चालवायचा वार्षिक खर्च कोणत्या पैशांतून? (याचं उत्तर अनेकदा 'पुढच्या ऑपरेशन्स लेव्हीतून' असं असतं.)
- मागच्या प्रस्तावात कबूल केलेलं कोणतं काम राहिलं आहे?

एक पथ्य पाळा. मुख्याध्यापक किंवा शिक्षकांना शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या ईमेलवरून 'हो म्हणा की नाही?' असं विचारून अडचणीत आणू नका. सार्वजनिक साधनं वापरून प्रचार करायला त्यांना कायद्याने बंदी आहे, ते फक्त माहिती देऊ शकतात. प्रचार करतात त्या नागरिकांच्या समित्या, आणि त्यांच्या देणग्यांचा हिशोब सार्वजनिक असतो.

## ७. मतदान: व्हिसावर असाल तर हा भाग दोनदा वाचा

मत फक्त अमेरिकन नागरिकाचं. एच-वन-बी, एच-फोर, ग्रीन कार्ड, कोणालाच नाही, शाळेच्या लेव्हीलाही नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना 'मतदार नोंदणी करायची का?' असं विचारतात. घाईत 'येस' म्हणू नका. आपण नागरिक आहोत असं खोटं लिहून देणं म्हणजे इमिग्रेशनच्या दृष्टीने आत्मघात. पुढचं ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्ही जाऊ शकतं, 'चुकून झालं' हे चालत नाही. ग्रीन कार्डही नसेल तर प्रचारसमितीला देणगी देऊ नका, परदेशी नागरिकांच्या पैशावर बंदी आहे. बोर्डासमोर बोलणं, ईमेल करणं, हद्दीच्या किंवा इमारतींच्या समितीसाठी नाव देणं, मित्रांना आकडे समजावणं, हे सगळं मात्र खुशाल करा. तिथे कोणी पासपोर्ट विचारत नाही.

नागरिक असाल तर:

1. ऑनलाइन नोंदणी मतदानाच्या आठ दिवस आधीपर्यंत. त्यानंतर काउंटीच्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत.
2. बॅलट साधारण १८ दिवस आधी पोस्टाने निघतं. शाळांचे प्रस्ताव बहुधा फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार किंवा एप्रिलचा चौथा मंगळवार, कधी नोव्हेंबर.
3. लिफाफ्यावर सही करा. नोंदणीतल्या सहीशी ती ताडून पाहतात. लायसन्सवर देवनागरीत सही आणि लिफाफ्यावर इंग्रजीत, असं केलंत तर काउंटीचं पत्र येणार. ते आलं तर टाकून देऊ नका, ठरलेल्या मुदतीत फॉर्म भरून पाठवला की मत धरलं जातं.
4. नवरा-बायकोची बॅलट जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेली असतात आणि लिफाफे बदलतात. नाव वाचून मगच सही करा.
5. तिकीट लावायची गरज नाही. पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोस्टाच्या पेटीत टाकू नका, शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडला तर मत बाद. लायब्ररीपाशी किंवा सिटी हॉलपाशी ड्रॉप बॉक्स असतो, तो रात्री आठच्या ठोक्याला बंद होतो.

पहिला निकाल त्याच रात्री येतो, पण तो अर्धवट असतो. उशिरा आलेली मतं पुढे काही दिवस मोजली जातात. ५८-५९ टक्क्यांवर असलेला बाँड वर किंवा खाली सरकू शकतो, म्हणून ग्रुपवर पहिल्याच रात्री पेढे वाटू नका. अधिकृत निकाल फेब्रुवारी-एप्रिलच्या मतदानात दहा दिवसांनी, नोव्हेंबरमध्ये आणखी उशिरा.

## ८. शाळा मंजूर झाली, आता बाउंड्री

नवीन शाळा म्हणजे नव्या हद्दी, आणि खरी कडू भांडणं इथे होतात. प्रस्तावाला हिरिरीने 'हो' म्हणणारे लोक, आपलं घर दुसऱ्या शाळेत जातंय म्हटल्यावर बोर्डापुढे तावातावाने उभे राहतात. अमुक हायस्कूलसाठी लाखभर डॉलर जास्त मोजून घर घेतलेल्यांचं दुखणं मला कळतं. पण घरासोबत शाळेची हमी कोणीच विकत नसतं, बिल्डर काहीही बोलला असला तरी.

बाउंड्री समितीचे नकाशे टप्प्याटप्प्याने येतात. पहिला नकाशा कच्चा असतो. त्यावरच सूचना द्यायच्या, शेवटच्या मसुद्याची वाट पाहायची नाही. सूचना देताना 'आमची शाळा रेटिंगला वर आहे' हे लिहिलं तर ते कोणी वाचत नाही. चालत जायचा रस्ता, मोठा चौक ओलांडावा लागतो का, एकाच वस्तीतली मुलं दोन मिडल स्कूलमध्ये विभागली जातात का, हे लिहा. शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांना जुन्याच शाळेत राहू देणार का, आणि त्यांच्या धाकट्या भावंडांचं काय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारून ठेवा. राहू दिलं तरी बस मिळेलच असं नाही, ते वेगळं विचारावं लागतं.